वारुळाला कुंभार लागतो का?

प्रश्न: "मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. गावात दरवर्षी हरिनाम सप्ता बसतो. या वर्षी मंडळानं ठरवलं, की दुपारच्या वेळेत अर्धा तास माझं भाषण ठेवायचं, विषय 'विज्ञानानंही देव मानला'. मोबाइलवर फिरणारे बरेच मेसेज त्यांनी मला पाठवले आहेत: देवकण सापडला, सर्नमध्ये नटराजाची मूर्ती आहे, आइन्स्टाइन देव मानत होते, बिग बँग म्हणजेच सृष्टीची निर्मिती. माझा पुतण्या नागपूरला शिकतो. तो म्हणतो, 'काका, जाऊच नका. देव नाही हे विज्ञानानं केव्हाच सिद्ध केलं.' माझे वडील माळकरी. त्यांना ते फार लागलं, आठ दिवसांपासून आजा-नातवाचं बोलणं बंद आहे. खरं काय ते सांगा, आणि मी तिथं काय बोलू तेही सांगा." (एक शिक्षक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर: गुरुजी, भाषण जरूर द्या, पण पत्रिका छापायला जायच्या आधी विषय बदलून घ्या. "जग कसं झालं? विज्ञानाला काय ठाऊक आहे?" असं काहीतरी लिहायला सांगा. "विज्ञानानंही देव मानला" असं एकदा छापलं की लोक त्या वाक्याचा पुरावा ऐकायला येतील. तो तुमच्याजवळ नाही, कुणाजवळच नाही.

पुतण्याचं वाक्यही तितकंच कच्चं आहे. पाऊस का लांबला, बोंड का सडलं, तारा का फुटला, काहीही विचारा. विज्ञान मोजता येईल असंच कारण शोधतं. "देवानं केलं" हे उत्तर त्याच्या वहीत कुठंच लिहिलं जात नाही. ज्या काट्यावर वस्तू ठेवलीच नाही, त्या काट्याकडे बघून तिचं वजन सांगता येत नाही, आणि ते शून्य भरलं असंही म्हणता येत नाही.

मात्र सगळेच दावे असे काट्याबाहेरचे नसतात, आणि गावात घोळ होतो तो इथंच. पृथ्वी काही हजार वर्षांपूर्वी घडवली गेली, प्रत्येक प्राणी आज दिसतो तसाच सुरुवातीला घडवला गेला, अमक्या महाराजांच्या अंगाऱ्यानं साप उतरतो: हे दावे तपासता येतात. ते तपासले गेले आणि टिकले नाहीत. "या सगळ्याच्या मागं कुणीतरी आहे" एवढंच कुणी म्हटलं तर तपासायला काही हाती लागत नाही. ही दोन टोपली अर्धा तास वेगळी ठेवलीत तर भाषण निभेल. एकात मिसळलीत तर सप्त्यातले कीर्तनकार महाराजही रागावतील आणि पुतण्याही.

आता ते मेसेज. यांना पाच मिनिटांच्या वर देऊ नका. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेनं एक नवा कण सापडल्याचं जाहीर केलं. तो हिग्ज बोसॉन. मूलकणांना वस्तुमान कुठून येतं, या हिशोबात जी एक जागा रिकामी होती ती त्यानं भरली. लिओन लेडरमन या भौतिकशास्त्रज्ञाच्या १९९३ सालच्या पुस्तकाच्या शीर्षकामुळं त्याला "देवकण" हे नाव चिकटलं. ज्यांच्या नावानं तो कण ओळखला जातो ते पीटर हिग्ज स्वतः नास्तिक होते आणि त्यांना हे टोपणनाव आवडत नव्हतं. त्यातला "बोसॉन" हा शब्द आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या आडनावावरून आला. अभिमान बाळगायचाच तर तो इथं बाळगा. नटराजाची २ मीटर उंचीची मूर्ती सर्नच्या आवारात खरंच आहे. भारत सरकारनं ती २००४ साली भेट दिली. आहेरात आलेल्या समईवरून घरच्यांचं मत ठरत नाही.

आइन्स्टाइनचं थोडं नाजूक आहे. "देव फासे टाकत नाही" हे त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांना १९२६ साली लिहिलेल्या पत्रातून आलं आहे, आणि तिथं वाद पुंज भौतिकीचा, म्हणजे अणूच्या आतल्या नियमांचा होता. थेट विचारलं तेव्हा १९२९ साली त्यांनी सांगितलं, की मी स्पिनोझा या सतराव्या शतकातल्या तत्त्वज्ञाचा देव मानतो. म्हणजे विश्वाच्या सुसंगतीत दिसणारा, माणसाच्या कर्माचा हिशोब न ठेवणारा. १९५४ च्या एका पत्रात तर देव हा शब्द त्यांनी माणसाच्या दुबळेपणातून आलेला म्हटला. तेव्हा त्यांना माळकऱ्यांच्या पंगतीत बसवू नका, आणि पुतण्याच्याही ताब्यात देऊ नका.

एक मेसेज तुमच्या यादीत नाही, पण तो येणारच: "ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, पृथ्वीचं वय ४५४ कोटी; ऋषींना सगळं माहीत होतं." आकडे जवळ आहेत हे खरं. पण हिशोब तिथंच सोडू नका, पुढं चालवा. दिवस आणि रात्र मिळून ८६४ कोटी, असे ३६० दिवस, अशी १०० वर्षं. ब्रह्मदेवाचं आयुष्य ३,११,०४,००० कोटी वर्षं येतं. विश्वाचं मोजलेलं वय सुमारे १३८० कोटी. या आकड्याशी ब्रह्मदेवाच्या हिशोबातलं काहीच जुळत नाही. जुळलेला एक आकडा दाखवायचा आणि न जुळलेले खिशात ठेवायचे, हे कापसाच्या नमुन्यात वरचा पांढरा कापूस दाखवून खालची कवडी, म्हणजे खराब कापूस, विकण्यासारखं आहे. सभेत हे फळ्यावर मांडा, लोकांना हिशोब आवडतो.

बिग बँगला मात्र निदान आठ मिनिटं द्या, कारण विषयाचं मर्म त्यात आहे.

शिंप्याकडून पांढरं इलॅस्टिक १ मीटर आणा. दर १० सेंटिमीटरवर काळ्या पेनानं खूण करा. एका मुलाला शून्याचं टोक धरू द्या आणि दुसरं टोक ओढून पट्टी दीड मीटर करा. १० वरची खूण १५ वर गेली, म्हणजे ५ सेंटिमीटर सरकली. ४० वरची ६० वर गेली, म्हणजे २० सरकली. चौपट लांब, चौपट वेगानं दूर. दीर्घिकांचं, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचं, नेमकं असंच होतं. हे जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ साली गणितातून मांडलं आणि १९२९ साली एडविन हबल यांच्या निरीक्षणांतून ते दिसलं. आता मधल्या खुणेवर बोट ठेवून तोच हिशोब पुन्हा करून दाखवा. तिथूनही सगळ्या खुणा दूरच जातात. हे केलं नाही तर अर्धी सभा "मग मधोमध कोण आहे?" असं विचारते, आणि त्या मधोमध कुणाला बसवायचं हे लोकांनी आधीच ठरवलेलं असतं. पट्टीला टोक असतं, विश्वाला तसं टोक दिसलेलं नाही, हेही तिथंच सांगून टाका.

मग घड्याळ उलटं फिरवा. सगळं जवळ येतं, दाटतं, तापतं. त्या तापलेल्या काळाची ऊब अजून शिल्लक आहे. पेन्झियस आणि विल्सन यांनी १९६५ साली ती जाहीर केली. आज तिचं तापमान २.७ केल्विन आहे, म्हणजे उणे २७० अंश सेल्सिअस. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना निघालेला तो प्रकाश आहे. त्याच्याही मागं, पहिल्या काही मिनिटांपर्यंत, हिशोब पक्का जातो: तेव्हा सुमारे पाव हिस्सा हेलियम बनायला हवा होता, आणि आकाशात मोजला तर तेवढाच भरतो.

यापलीकडं अगदी सुरुवातीच्या क्षणापर्यंत गेलं की आइन्स्टाइनची समीकरणंच मोडतात. तापमान आणि घनता अनंत येते, आणि अनंत आलं याचा अर्थ आपलं गणित तिथं चालत नाही. म्हणून बिग बँगचा सिद्धांत "काहीच नव्हतं आणि मग सगळं झालं" असं म्हणत नाही. "सगळं फार दाट आणि फार तप्त होतं, तिथून पुढं असं झालं" एवढंच तो म्हणतो. बोर्ड, गुथ आणि विलेन्किन या भौतिकशास्त्रज्ञांनी २००३ साली एक प्रमेय मांडलं, की सरासरीनं प्रसरण पावत आलेलं विश्व मागं अनंत काळापर्यंत तसंच नेता येत नाही. देवाच्या बाजूनं बोलणारे विद्वान याचा आधार घेतात. पण प्रमेय सांगतं ते इतकंच, की प्रसरणाच्या वर्णनाला मागं हद्द आहे. हद्दीपलीकडं काय, यावर ते गप्प आहे.

लमेत्र कोण होते हे सभेत मुद्दाम सांगा. ते कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ साली पोप बाराव्या पायस यांनी जाहीर भाषणात या सिद्धांताचा आधार घेऊन निर्मात्याकडं बोट दाखवलं, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाले ते लमेत्रच. सिद्धांत उद्या बदलला तर श्रद्धाही त्याच्याबरोबर पडेल, आणि गणिताला धर्माचा शिक्का लागला तर गणितही बिघडेल, हे त्यांना दिसत होतं. त्यांच्या विरुद्ध बाजूला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल. "बिग बँग" हे नाव त्यांनीच १९४९ साली रेडिओवर बोलताना दिलं, आणि विश्वाला सुरुवात असणं त्यांना पटत नव्हतं. आपले जयंत नारळीकर त्यांचेच विद्यार्थी, आणि नारळीकरांनीही बिग बँगबद्दलची शंका शेवटपर्यंत सोडली नाही. धर्मगुरू एका बाजूला, नास्तिक दुसऱ्या बाजूला. निकाल कशावर लागला? १९६५ च्या त्या उणे २७० अंशांवर. कोण कुणाला मानतो हे त्या निकालात आलंच नाही.

कुणीतरी उठून म्हणेल, "मडकं हाय म्हंजे कुंभार हाय. जग हाय म्हंजे करणारा नसंल का?" या माणसाला हसू नका. हा आपल्याकडचा फार जुना आणि भारदस्त युक्तिवाद आहे. न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांनी हजार वर्षांपूर्वी तो बारकाईनं मांडला: जे जे कार्य आहे त्याला जाणता कर्ता असतो, पृथ्वी-अंकुर ही कार्यं आहेत, म्हणून त्यांनाही कर्ता आहे. पण त्याला उत्तरही आपल्याकडंच, त्याच्याही आधी देऊन ठेवलं होतं. सातव्या शतकात धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यानं विचारलं: मडकं मातीचं, वारूळही मातीचं. मग वारूळही कुंभारानंच केलं म्हणायचं का? मडकं कुंभार करतो हे आपल्याला मडक्याकडं बघून कळलेलं नसतं. आपण कुंभाराला चाकावर पाहिलेलं असतं, म्हणून कळतं. जग होताना कुणी पाहिलं?

नागपंचमीला वारूळ पुजणाऱ्या गावात हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. उधई, म्हणजे वाळवी, कुणाच्या नकाशावरून काम करत नाही. एकेक कण ओल्या लाळेनं चिकटवते, आणि पुरुषभर उंच, आत हवा खेळणारं घर उभं राहतं. याचा अर्थ जगाला कर्ता नाही असा होत नाही हं. अर्थ एवढाच, की सुबक वस्तू दिसली म्हणून कर्ता आहेच असं सिद्ध होत नाही.

सजीवांबद्दल तर या प्रश्नाचं उत्तर विज्ञानाला सापडलेलं आहे, आणि तुमच्या श्रोत्यांनी ते आपल्या वावरात, आपल्या खर्चानं पाहिलेलं आहे. गुलाबी बोंडअळी काढा. सभा सावरून बसेल.

बीटी कापूस २००२ साली आला. त्यात अळीला मारणारं एक प्रथिन होतं. २००६ साली दोन प्रथिनांचं बीजी-२ आलं. २०१० पर्यंत गुजरातेत पहिल्या प्रथिनाला दाद न देणारी बोंडअळी निघाली, पुढं दुसऱ्यालाही ती सरावली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडं फोडली की आत अळी, हे घरोघरी झालं. अळीनं हे "शिकून" घेतलं नाही. लाखो अळ्यांत एखाद-दुसरीत जन्मतःच असा बदल होता, की प्रथिन तिच्या आतड्याला चिकटत नव्हतं. बाकी मेल्या, ती उरली, तिची पिल्लं उरली. ही अळी जवळजवळ कापसावरच जगते, आणि फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभंच ठेवलं, की तिला मार्च-एप्रिलपर्यंत खायला मिळतं, म्हणून पिढ्यांवर पिढ्या निघाल्या.

४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची बिगर-बीटी बियाण्याची लहान पुडी यायची, आठवतं? ती उत्क्रांतीचा सिद्धांत समोर ठेवूनच दिलेली होती. शेताभोवती ५ ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांतलं जे जास्त असेल तेवढ्यावर ती लावायची. तिथं साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग निर्ढावलेल्या पतंगांशी जुळतील, आणि त्यांची बहुतेक पिल्लं बीटीच्या बोंडात पुन्हा मरतील, असा हिशोब. बहुतेकांनी ती पुडी बांधावर फेकली. अंदाज होता तसंच झालं. डार्विननं १८५९ साली लिहिलेलं तत्त्व यवतमाळात पंधरा वर्षांत दिसलं, आणि ज्यांनी ते मनावर घेतलं नाही त्यांना फवारणीचा खर्च पडला.

यावर हमखास येणारी शंका: "अळीची अळीच राहिली, वाघ तर नाही झाली." बरोबर, पंधरा वर्षांत होणार नाही. मग वेळ किती होता ते दाखवा. आपली काळी माती ज्या लाव्ह्याच्या दगडापासून झाली, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच काळाच्या थरांत चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं आणि त्यांचं दगड झालेलं शेण सापडतं. त्या शेणात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण निघाले, हे २००५ साली प्रसिद्ध झालं. तोपर्यंत डायनासोरच्या काळात गवत नसावं असंच बहुतेक जण धरून चालले होते. एका वरोऱ्याकडच्या शेणानं जगभरच्या पुस्तकांत दुरुस्ती करायला लावली.

दुसरा दाखला संत्र्याचा. गाय, बकरी आपल्या शरीरातच क जीवनसत्त्व तयार करतात. माणूस करू शकत नाही, म्हणून त्याला लिंबू, आवळा, संत्रं लागतं. गंमत अशी, की ते तयार करायची सूचना आपल्या पेशींत लिहिलेली आहे, पण मोडलेल्या अवस्थेत. चिंपांझीतही ती तशीच मोडकी आहे. एकाच चुकीच्या दोन उत्तरपत्रिका आल्या की तुम्ही वर्गात काय निष्कर्ष काढता, ते तुम्हाला ठाऊकच आहे: दोन्ही एकाच मूळ वहीवरून उतरल्या.

उत्क्रांती पटलेले आस्तिक शास्त्रज्ञ पुष्कळ आहेत. मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पाचं नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स त्यांतलेच एक. उत्क्रांतीनं देव खोडला नाही. "प्रत्येक जीव वेगळा, हातानं घडवलेला" हे चित्र तेवढं खोडलं. आणि पहिला जीव कसा झाला असं विचारलं तर सरळ सांगा, की तो प्रश्न सुटलेला नाही. "नाही कळलं म्हणजे देवानं केलं" असं मात्र कुणाला म्हणू देऊ नका. ग्रहांच्या कक्षा बिघडू नयेत म्हणून देव अधूनमधून हात लावत असेल, असं न्यूटनला वाटलं होतं. १७८५ च्या सुमारास लाप्लासनं दाखवलं, की गुरू आणि शनी यांच्या गतीतला फरक सुमारे ९०० वर्षांच्या फेऱ्यात आपोआप भरून येतो. देवाला तिथली नोकरी उरली नाही. आपल्या लोणारचंही तेच. लवणासुराला विष्णूनं मारलं म्हणून खड्डा पडला ही कथा. मग भोवती सगळा बेसाल्ट, म्हणजे लाव्ह्याचा काळा दगड, म्हणून ज्वालामुखी वाटला. आणि १९७३ साली धक्क्यानं काच झालेल्या खनिजांचा पुरावा प्रसिद्ध झाला, तेव्हा १.८ किलोमीटरचं ते विवर उल्कापाताचं ठरलं. दैत्यसूदनाच्या देवळात दर्शनाला लोक अजूनही जातात. त्यांची श्रद्धा खड्ड्याच्या कारणावर टेकलेली नव्हती म्हणून बरं.

आस्तिकांच्या बाजूचा सर्वांत दमदार मुद्दा मेसेजमध्ये नाहीच, तो तुम्हीच सांगा. नाहीतर तुम्ही पक्षपात केलात असं होईल. निसर्गाचे काही आकडे असे आहेत, की ते थोडे वेगळे असते तर तारे, कार्बन, आपण, काहीच झालं नसतं. कार्बन ताऱ्यांच्या पोटात तीन हेलियम केंद्रकं जुळून होतो. ही जुळणी फार दुर्मिळ व्हायला हवी, पण कार्बनच्या केंद्रकात नेमक्या ऊर्जेची एक पायरी आहे, म्हणून ती होते. ती पायरी असलीच पाहिजे असं हॉयल यांनी १९५३ साली सांगितलं, आणि प्रयोगात ती ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टला सापडली. तेच हॉयल, नास्तिक. पण या आकड्यांमागं कुणाची तरी बुद्धी असावी असं ते पुढं बोलू लागले. अवकाशाला फुगवणारी जी ऊर्जा १९९८ साली लक्षात आली, ती तर भौतिकशास्त्राच्या सरळ अंदाजापेक्षा एकावर सुमारे १२० शून्यं इतक्या पटीनं कमी आहे. का, याचं मान्य झालेलं उत्तर नाही.

मग हा देवाचा पुरावा नाही का? बोअरचं उदाहरण घ्या. एखाद्याच्या वावरात पहिल्याच बोअरला पाणी लागलं. तो म्हणतो, पाणाड्यानं, म्हणजे जमिनीतलं पाणी सांगणाऱ्यानं, जागा दाखवली म्हणून लागलं. दुसरा म्हणतो, शिवारात चाळीस बोअर मारले असतील, कोरडे गेलेले बोलत नाहीत, याचंच लागलं म्हणून हा बोलतो. कोण खरं, हे शिवारातले सगळे बोअर मोजले तर कळेल. विश्वाच्या बाबतीत आपल्याला एकच बोअर दिसतो, आपलाच. "अशी असंख्य विश्वं असतील" म्हणणाऱ्या शास्त्रज्ञांनी बाकीचे बोअर पाहिलेले नाहीत, आणि "पाणाड्या होता" म्हणणाऱ्यांनी पाणाड्या. "असा आकडा यायची शक्यता किती?" हा प्रश्नच एका नमुन्यावर सोडवता येत नाही. आमचं मत विचाराल तर हा मुद्दा विचार करायला लावणारा आहे, पुरावा ठरण्याइतका नाही. आणि पाणाड्या होता असं धरलं, तरी तो कुठल्या देवळातला, हे ७.६५ वरून कळत नाही.

आता पुतण्या. त्याला १९७९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दाखवा. अब्दुस सलाम, स्टीव्हन वाइनबर्ग आणि शेल्डन ग्लॅशो, एकाच सिद्धांतासाठी तिघांना मिळालं. सलाम पक्के श्रद्धाळू मुसलमान, वाइनबर्ग उघड नास्तिक. समीकरण एकच. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या २००९ सालच्या एका मोठ्या पाहणीत ३३ टक्के देव मानणारे निघाले, १८ टक्के कुठलीतरी उच्च शक्ती मानणारे, ४१ टक्के दोन्ही न मानणारे. विज्ञानानं देव खोडला असता तर इतके लोक त्याच प्रयोगशाळांत कसे वावरले असते? त्याचं जे बरोबर आहे तेही मान्य करा. देव मध्ये पडून रोगी बरे करतो का, हे तपासलं गेलं आहे. २००६ साली हृदयाच्या बायपासच्या १८०२ रुग्णांवर अभ्यास झाला. प्रार्थना झालेल्यांत गुंतागुंत ५२ टक्के, न झालेल्यांत ५१. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना पक्कं सांगितलं होतं त्यांच्यात ५९.

वडिलांशी बोलताना यांतलं काहीच काढू नका. त्यांना नासदीय सूक्त वाचून दाखवा, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं. ही सृष्टी कुठून झाली ते परम आकाशात बसलेला तिचा अध्यक्षच जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल, अशी शेवटची ओळ आहे. सांख्य आणि मीमांसा या वैदिक दर्शनांचं काम निर्मात्या ईश्वरावाचून चालतं, जैनही निर्माता मानत नाहीत, आणि दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोकांनी बुद्धाचा मार्ग घेतला तोही निर्मात्याशिवायचाच. नातवानं शंका घेतली म्हणून तो परका झाला असं होत नाही. आणि माळकऱ्याची ओढ ही काही विश्वाच्या कारखानदाराकडं नसते, ती विठोबाकडं असते. नातवाचा वाद कारखानदाराशी आहे. हे त्याला तुम्ही एकट्यात सांगा, आजोबांदेखत नको.

भाषणाच्या काही अडचणी आत्ताच निस्तरून ठेवा. तुम्ही सरकारी शाळेचे शिक्षक. सभामंडपात गावकरी म्हणून बोलायला हरकत नाही, पण हेच भाषण शाळेत घेऊ नका. पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, असं संविधानाचं २८ वं कलम सांगतं. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे ५१-क मधलं कर्तव्य आहे, तेव्हा इलॅस्टिक आणि बोंडअळी वर्गात खुशाल न्या. महाराजांना आदल्या दिवशी भेटून काय बोलणार ते सांगा. आधी कळलेलं असलं की ते कीर्तनात तुमचा मुद्दा घेतील. व्यासपीठावर पहिल्यांदा ऐकला तर खोडतील. साप-विंचवाचा विषय निघाला तर हात आखडू नका. चावल्यावर मांत्रिकाकडं नेण्यात तास जातो, आणि प्रतिविष सरकारी दवाखान्यात असतं. तिथं श्रद्धेचा मान राखायचा प्रश्न येत नाही, आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही त्या जागी तुमच्या बाजूनं आहे.

"गुरुजी, तुम्ही सोता देव मानता का?" हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत येईल. खरं असेल ते एका वाक्यात सांगा आणि लगेच पुढच्या खुणेवर जा. तिथं थांबलात तर उरलेला वेळ तुमच्यावरच जाईल. भाषण तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी मागून घ्या. काल्याच्या दिवशी नको, त्या दिवशी दुपारी सगळे पंगतीच्या मागं असतात आणि माइक पोरांच्या हातात असतो. इलॅस्टिक दोन आणा, एक तुटतंच.